पुंगळीत कोणती दारू भरावी?

बार उडाल्यावर बाहेर पडलेली काडतुसाची पितळी पुंगळी बहुतेक वेळा धडधाकट असते. गॅसच्या दाबाने ती फुगते, चेंबरच्या, म्हणजे हत्यारात काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला क्षणभर घट्ट चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच थोडी आकसून मोकळी होते. संपलेल्या असतात त्या तीन गोष्टी: बुडातलं प्राइमर (दारूला पेटवणारी छोटी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळी साच्यातून काढून मूळ मापाला आणायची, या तीन गोष्टी नव्याने भरायच्या, की काडतूस पुन्हा तयार. यालाच रिलोडिंग म्हणतात. जिथे कायदा मुभा देतो तिथे, विशेषतः अमेरिकेत, नेमबाज हे काम घरच्या टेबलावर करतात. जिथे मुभा नाही तिथे हा विषय समजून घेण्यापुरताच.

या तिन्हींत गोळी निवडणं सोपं असतं आणि प्राइमर पुस्तकात दिलेलं असतं. अडतं ते दारूपाशी. मराठीत हा शब्द जरा गैरसोयीचाच, पण 'दारूगोळा' आपण बिनदिक्कत म्हणतो, तेव्हा इथेही चालेल. दुकानात तिला पावडर म्हणतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठीच डझनावारी पावडरी मिळतात, जवळजवळ सगळ्या करड्या, सगळ्या डब्यांवर धडाकेबाज नावं. नवखा माणूस विचारतो, 'यात सगळ्यात चांगली कोणती?' या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या पुंगळीत, कुठल्या वजनाच्या गोळीमागे आणि कशासाठी, हे सांगितलं तर मात्र उत्तर मिळतं, आणि बहुधा एकाहून जास्त मिळतात.

जळणं आणि जागा यांची शर्यत

आजची बिनधुराची दारू पुंगळीत फुटत नाही, जळते. बंदिस्त जागेत नसेल तर ती ज्योत काढून भुर्रकन जळून जाते. जळते तीही वरच्यावर: प्रत्येक कणाचा फक्त पृष्ठभाग पेटलेला असतो आणि थर उतरत उतरत आग आत जाते. बटाट्याची साल काढत जावी तसं.

पुंगळीच्या आत मात्र एक वेगळा खेळ सुरू होतो. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये रायफलसाठी पहिली यशस्वी बिनधुराची दारू बनवली. जळण्याचा वेग आणि दाब यांचं नातं सूत्रात मांडणाराही तोच. सूत्राचा अर्थ साधा आहे: दाब वाढला की दारू जास्त वेगाने जळते. जास्त वेगाने जळाली की गॅस जास्त, गॅस जास्त की दाब आणखी जास्त. चक्रवाढ व्याजाचा हिशेब. त्याला लगाम घालते ती गोळी. ती पुढे सरकली की मागे जागा वाढते आणि दाबाला मोकळीक मिळते. गॅस तयार होण्याचा वेग विरुद्ध जागा वाढण्याचा वेग, अशी ही शर्यत असते. पिस्तुलात ती साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपते, आणि दाब कळसाला पोहोचतो तेव्हा गोळी जेमतेम बोटभर सरकलेली असते.

दारू निवडणं म्हणजे या शर्यतीचा वेग निवडणं. बाकी सगळे मुद्दे याच्या मागून येतात.

कारखान्यात हा वेग तीन प्रकारे ठरवतात. पहिला म्हणजे कणाचा आकार. पातळ चकत्यांना वजनाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर, म्हणून त्या झटपट जळतात. गोल दाण्याचं उलटं, शिवाय जळता जळता त्याचा पृष्ठभाग घटत जातो. पोकळ नळीसारख्या कणात बाहेरचा पृष्ठभाग घटतो तेव्हा आतला वाढतो, त्यामुळे गॅसचा पुरवठा बराचसा एकसारखा राहतो. दुसरा प्रकार म्हणजे लेप. गोल दाण्यांवर जळणं मंदावणारं रसायन चढवतात, म्हणजे सुरुवात संथ होते. तिसरा प्रकार म्हणजे मूळ द्रव्य. सगळ्यांचा पाया नायट्रोसेल्युलोज. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं की ऊर्जा वाढते, आणि अशा दारूला दुहेरी पायाची म्हणतात. पिस्तुलाच्या बऱ्याच पावडरी या दुहेरी जातीच्या असतात. वरून ग्रॅफाइट चोळतात, त्याने कण घरंगळतात आणि स्थिर विजेचा त्रास कमी होतो. बहुतेक पावडरी करड्या दिसतात त्या यामुळे. म्हणून नुसतं पाहून पावडर ओळखता येत नाही. येते असं म्हणणाऱ्या माणसाच्या टेबलापासून चार हात दूर उभं राहावं.

जलद दारूची गोळी सावकाश

इथे जवळजवळ प्रत्येकाची गफलत होते. 'जलद' पावडर म्हणजे गोळी जलद जाईल, असा अर्थ मनात येतो. पूर्ण ताकदीच्या भरणीत प्रत्यक्षात उलटं घडतं.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला उंच न्यायचं असेल तर पाठीला हात लावून काही अंतर सोबत चालत ढकलतात. त्याच ताकदीची एक चापट मारली तर मूल रडेल, झोपाळा फार हलणार नाही. जलद पावडर चापट मारते: दाब एकदम कळसाला जातो आणि लगेच ओसरतो. संथ पावडर ढकलते: कळस तेवढाच उंच, पण दाब जास्त वेळ टिकून राहतो आणि नळीच्या टोकापर्यंत गोळीला रेटत नेतो. आता कळस किती उंच जाऊ द्यायचा, ही मर्यादा पुंगळी आणि हत्यार यांनी घालून दिलेली असते. त्या छताखाली राहून गोळीला जास्तीत जास्त वेग द्यायचा तर संथ पावडरच लागते. जलद पावडर थोडीशी टाकली तरी डोकं छताला लागतं, आणि गोळीचा वेग तेवढ्यावरच राहतो.

ही छतं कागदावर ठरलेली आहेत. अमेरिकेतली सामी ही उद्योगसंस्था प्रत्येक काडतुसाचा कमाल सरासरी दाब जाहीर करते. .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). त्याच पुंगळीच्या '+पी' या जास्त दाबाच्या प्रकाराला २०,०००. .४५ एसीपीला २१,०००. ९ मिमी लुगरला ३५,०००, .३५७ मॅग्नमलाही ३५,००० आणि .४४ मॅग्नमला ३६,०००. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्या गोळीचा व्यास एकच, पुंगळीच्या लांबीत थोडाच फरक, पण दाबात दुप्पट अंतर. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम थोडी लांब केली ती याचसाठी, म्हणजे ती चुकून .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये.

तर मग सगळीकडे संथ पावडरच का नको? कारण संथ पावडर नीट जळायला स्वतःच भरपूर दाब लागतो. व्हिएयचं सूत्र दोन्ही बाजूंनी चालतं. दाब कमी असेल तर जळणं मंदावतं, आणि संथ पावडर तर अर्धवट जळून नळीतून तशीच बाहेर पडते. १७,००० च्या छताखाली मॅग्नमची पावडर घातली तर बार फुसका होतो, नळीत न जळालेले कण राहतात, आणि वाईट योग असेल तर गोळी नळीतच अडकते. अशा फुसक्या बाराला रिलोडिंगवाले 'स्क्विब' म्हणतात. आवाज दबका येतो, झटका लागत नाही. तिथेच थांबून हत्यार रिकामं करून नळी तपासायची असते. हे न कळून चाप पुन्हा ओढला तर दुसरी गोळी पहिलीवर आपटते आणि नळी फुगते, कधी फाटते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हॉजडन या अमेरिकी कंपनीची एच११० ही पावडर. .३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये पूर्ण ताकदीची भरणी करणाऱ्यांची ही आवडती, आणि योग्यच. पण कंपनीची स्पष्ट सूचना आहे की दिलेल्या भरणीपेक्षा ३ टक्क्यांहून खाली उतरायचं नाही. बाकी पावडरींत 'कमी घातली म्हणजे सुरक्षित' हे बऱ्यापैकी खरं असतं. इथे तेही नाही. जिला थोडं कमी घातलेलंही चालत नाही, ती पावडर नवख्याने पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, असं माझं मत आहे.

पुंगळीतली रिकामी जागा कुठून आली

.४५ कोल्ट हे काडतूस १८७३ चं. त्या काळी बिनधुराची दारू नव्हती. होती ती काळी: साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. तिच्यात वजनाच्या मानाने ताकद कमी, म्हणून भरपूर लागायची. मूळ भरणी ४० ग्रेनची होती आणि तेवढी मावावी म्हणून पुंगळी ऐसपैस केली. नंतर बिनधुराची दारू आली. त्याच कामाला ती कितीतरी कमी पुरते. पुंगळी मात्र तशीच राहिली. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराचं, तेही काळ्या दारूच्या हिशेबाने बेतलेलं. म्हणून आजही या दोन्ही पुंगळ्यांत दारू तळाशी जराशी आणि वर नुसती हवा, अशी स्थिती असते. उलट ९ मिमी लुगर १९०२ चं, पहिल्यापासून बिनधुराच्या दारूसाठीच आखलेलं. ते आटोपशीर आहे, आतली जागा मोजूनमापून.

(इथे ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, वजन. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. '४० ग्रेन' वाचून दाणे मोजायला बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.)

या मोकळ्या जागेचे दोन परिणाम होतात, आणि दारू निवडताना मी सगळ्यात जास्त वजन यांनाच देतो.

पहिला परिणाम किरकोळ. थोडीशी दारू मोठ्या पुंगळीत इकडून तिकडे घरंगळते. हत्यार खाली झुकवून मग समोर धरलं तर ती गोळीकडे जाते, वर करून धरलं तर प्राइमरकडे. पेट घेण्याची रीत बदलते आणि वेगही बदलतो. काही पावडरींना हे फार जाणवतं, काहींना कमी. हॉजडनची टाइटग्रुप तर 'पुंगळीत कुठेही असली तरी सारखीच पेटते' अशा दाव्यावरच विकली जाते.

दुसरा परिणाम गंभीर आहे: दुहेरी भरणी. ज्या पुंगळीत दारू पाव भागच भरते, तिच्यात चुकून दोनदा दारू पडली तरी ती तोंडापर्यंत येत नाही. वर गोळी बसते, काडतूस बाहेरून इतरांसारखंच दिसतं. आतला दाब मात्र दुप्पट होऊन थांबत नाही. चक्रवाढीचा हिशेब आठवा. बऱ्याच भीषण अपघातांच्या मुळाशी हेच असतं: लक्ष विचलित झालं, फोन वाजला, कुणी हाक मारली, आणि एका पुंगळीला दोनदा माप मिळालं.

म्हणून फुगीर पावडर. वजनाने तेवढीच, पण आकारमानाने जास्त. तिचं एक माप पुंगळीच्या निम्म्याहून वर येतं, दुसरं पडलं की सांडतं, आणि चूक तिथेच डोळ्यांपुढे येते. १९०० पासून चालत आलेली युनिक ही अशी चकत्यांची, बऱ्यापैकी फुगीर पावडर आहे. वेगाने मधली. लोक तिला खरखरीत म्हणतात, मापातून नीट पडत नाही म्हणतात, आणि खरंच म्हणतात. तरी ती शंभराहून जास्त वर्षं टिकली आहे. फुगीरपणाचं टोक म्हणजे ट्रेल बॉस: मधे भोक असलेले कड्यासारखे कण, जुन्या ऐसपैस पुंगळ्या हलक्या भरणीनेही भरून दिसाव्यात म्हणून मुद्दाम तसे केलेले.

बुल्सआयचं उलटं. ही १८९८ पासूनची, अतिशय जलद, लक्ष्यभेदाच्या नेमबाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची लाडकी. .३८ स्पेशल आणि .४५ एसीपीच्या हलक्या भरणीत अचूकतेबद्दल हिचं नाव अजून घेतलं जातं. शिवाय स्वस्तात पडते. समजा एका भरणीला ४ ग्रेन लागले, तर ७,००० ला ४ ने भागा: एका पौंडात १,७५० काडतुसं. मॅग्नमची संथ पावडर एका भरणीला २० ग्रेन धरली तर तीच संख्या ३५० वर येते. (हे आकडे फक्त भागाकार दाखवायला घेतलेत, भरायला नव्हेत.) पण ४ ग्रेनच्या मापात ०.१ ग्रेनची चूक म्हणजे अडीच टक्के, आणि २० ग्रेनच्या मापात तीच चूक अर्धा टक्का. जलद पावडर पैसे वाचवते आणि त्याबदल्यात जास्त लक्ष मागते. हा सौदा कुणी कधी करायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तो सौदा आहे हे माहीत असावं.

यादी, आणि यादीवर किती विसंबावं

कंपन्या जलद ते संथ अशी पावडरींची यादी देतात. ढोबळ क्रम असा: बुल्सआय, टाइटग्रुप, रेड डॉट या जलद बाजूला. विंचेस्टर २३१, युनिव्हर्सल, युनिक मधल्या. पुढे पॉवर पिस्टल, लाँगशॉट, ब्लू डॉट. आणि संथ टोकाला २४००, अॅक्युरेट नंबर ९, एच११०. फिनलंडच्या व्हिटावुओरीची एन३२० जलद गटात, एन३४० मधल्या गटात.

ही यादी उपयोगी आहे, पण पट्टीसारखी वाचली तर फसवते. ती फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढंच सांगते. सहावी आणि सातवी यांच्यातलं अंतर केसभर असू शकतं, सातवी आणि आठवी यांच्यात दरी असू शकते. शिवाय दाब बदलला की वेग बदलतो, म्हणून एका काडतुसात पुढे असलेली पावडर दुसऱ्यात मागे पडते आणि दोन कंपन्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. 'यादीत शेजारी आहे, म्हणजे तिचंच माप हिला चालेल' हा तर्क हात गमावण्याचा रस्ता आहे. भरणीचं माप त्याच पावडरीच्या, त्याच गोळीच्या छापील माहितीतूनच घ्यायचं. सुरुवात तिथल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून.

नावांचीही एक गंमत आहे, आणि ती गंमत नाही. हॉजडनची एचपी-३८ आणि विंचेस्टरची २३१ ही एकच पावडर, दोन डब्यांत. एच११० आणि विंचेस्टर २९६ यांचंही तसंच. दुसरीकडे 'क्लेज', 'इंटरनॅशनल क्लेज' आणि 'युनिव्हर्सल क्लेज' अशी तीन नावं एके काळी शेजारी शेजारी विकली जायची, आणि त्या तीन वेगवेगळ्या वेगांच्या पावडरी होत्या. एक पावडर दोन नावांनी, एक आडनाव तीन पावडरींना. डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचण्याची सवय इथूनच लागते.

बाकीचे गुण

मापातून पडणं. गोल दाण्याची पावडर वाळूसारखी वाहते. चकत्या मापाच्या तोंडाशी अडकून पूल बांधतात, मग एका पुंगळीत कमी आणि पुढच्यात जास्त. दांडा एकदा ओढला की काडतूस पुढे सरकणाऱ्या वेगवान यंत्रावर काम करायचं तर वाहती पावडर हवी. एकेक पुंगळी वजन करून भरणाऱ्याला फरक पडत नाही.

स्वच्छता. 'ही पावडर फार घाण करते' अशी तक्रार ऐकली की आधी भरणी किती हलकी आहे ते विचारावं. दाब पुरेसा नसेल तर पुंगळी फुगून चेंबरला नीट चिकटत नाही, गॅस मागे सुटतो आणि पुंगळीच्या बाहेरच्या अंगाला काजळी चढते. दोष बऱ्याचदा पावडरीचा नसून तिला तिच्या कामापेक्षा कमी जुंपण्याचा असतो.

झटका. याबद्दल कमी बोललं जातं. गोळीबरोबर जळालेल्या दारूचा गॅसही नळीतून बाहेर पडतो आणि त्याचं वजनही हाताला मागे ढकलतं. तीच गोळी, तोच वेग, पण संथ पावडरीने दिलेला असेल तर दारू जास्त लागते आणि झटकाही जास्त. म्हणून लक्ष्यभेदाला जलद पावडर सौम्य लागते. स्पर्धेत याचा हिशेबच ठेवतात. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग फूट प्रति सेकंदात घेऊन गुणाकाराला १,००० ने भागतात. येणारा आकडा 'मायनर' गटात किमान १२५, 'मेजर' गटात किमान १६५ हवा. मग तेवढा आकडा गाठून झटका कमीत कमी कसा राहील, यावर खल चालतो. गंमत अशी की नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर लावलेला असेल तर गणित उलटतं: तो वर उसळणारी नळी खाली दाबतो ते गॅसच्याच जोरावर, म्हणून तिथे जास्त गॅस देणारी संथ पावडर शोधतात.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची एक गरज रिव्हॉल्व्हरला नसते. भरणी एवढी तरी जोरकस हवी की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकेल आणि पुढचं काडतूस आत घेईल. फारच हलकी भरणी कागदावर चांगली दिसते, हातात मात्र दर तिसऱ्या बाराला अडकते.

आखूड नळीबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे: नळी आखूड, म्हणून पावडर जलद हवी, नाहीतर ती जळून होणार नाही. ऐकायला पटतं. पण दाबाचा कळस तर गोळी बोटभर सरकतानाच येऊन जातो. लांब नळीत सगळ्यात जास्त वेग देणारी पावडर बहुधा आखूड नळीतही सगळ्यात जास्त वेग देते. फरक एवढाच की टोकाशी ज्वाळेचा गोळा मोठा होतो आणि कानठळ्या बसतात. ज्वाळा नको म्हणून जलद पावडर घेतली तर ते कारण रास्त आहे.

जड गोळीबद्दल थोडक्यात: ती हलायला वेळ लावते, तोवर मागे दाब साचतो. म्हणून त्याच पुंगळीत गोळी जड होत गेली की पावडर संथ बाजूला सरकते आणि मापही कमी होतं. गोळी पुंगळीत किती खोल बसवली, हेही त्यातच आलं. ९ मिमीसारख्या लहान पुंगळीत गोळी जराशी जास्त आत गेली की आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो.

आणि एक भ्रम, जो रायफलवाल्यांकडून पिस्तूलवाल्यांत आला. उडालेल्या प्राइमरचा चेहरा पाहून दाब ओळखायचा: चपटा झाला की जास्त. रायफलच्या दाबाला ही खूण थोडीफार बोलते. .४५ एसीपीचं छत २१,००० वर आहे. प्राइमर चपटा होऊन काही सांगेल तोवर ते छत केव्हाच मागे पडलेलं असतं. पिस्तुलात खूण दिसली नाही म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही.

प्रत्यक्ष निवड

समजा एखाद्याकडे .३५७ चं रिव्हॉल्व्हर आहे, ज्यात .३८ स्पेशलही चालतं, आणि एक ९ मिमी पिस्तूल आहे. लक्ष्यावर नेम धरायचा, अधूनमधून मॅग्नमचा जोर अनुभवायचा. तीन काडतुसांची कामं, म्हणून तीन डबे घ्यावेत असं वाटेल. मी एकच घ्यायला सांगेन: युनिक, युनिव्हर्सल किंवा २३१ यांपैकी एक, जी मिळेल ती. तिन्ही कामांत या सर्वोत्तम नाहीत. मॅग्नमला त्या पूर्ण वेग देणार नाहीत, मध्यमच देतील. पण तिन्ही काडतुसांसाठी छापील मापं उपलब्ध आहेत, दाब हळूहळू चढतो, आणि टेबलावर एकच डबा असला की चुकीचा डबा उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. यांतही .३८ साठी युनिकला माझी किंचित जास्त पसंती, ती फुगीरपणासाठी. वर्षभराने हात बसला, आणि मॅग्नमची खरोखर ओढ लागली, तर दुसरा डबा २४०० चा. एच११० पेक्षा ती किंचित कमी वेग देते, पण तिला कमी मापाची तेवढी अॅलर्जी नाही.

मनातली पावडर दुकानात नसेल, याचीही तयारी ठेवावी. २०२० नंतर अमेरिकेत पावडरींची मोठी टंचाई झाली आणि महिनोन्‌महिने फळ्या रिकाम्या होत्या. अशा वेळी पुस्तकातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर आधीच खूण करून ठेवलेली असली की 'चालून जाईल' म्हणत भलतंच काही उचललं जात नाही.

टेबलावरच्या सवयी निवडीइतक्याच महत्त्वाच्या. एका वेळी एकच डबा बाहेर. दारू भरलेल्या पुंगळ्या पाट्यात ओळीने उभ्या करायच्या, आणि गोळ्या बसवण्याआधी विजेरीचा उजेड टाकून प्रत्येकीत डोकावायचं: पातळी सगळीकडे सारखी आहे का. एखादी उंच किंवा रिकामी वाटली तर ओतून पुन्हा मोजायची. डबा थंड, कोरड्या जागी, मूळ वेष्टनातच ठेवायचा. ते वेष्टन मुद्दाम कमकुवत केलेलं असतं, आग लागली तर लवकर उकलावं आणि आत दाब साचू नये म्हणून. हवाबंद लोखंडी पेटीत ठेवून आपण त्या योजनेवर पाणी फिरवतो. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला, तांबूस धूळ किंवा वाफ दिसली, तर ती पावडर बिघडली आहे, वापरायची नाही.

आणि काम थांबलं की मापयंत्राच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या भांड्यात, उरलेली दारू त्याच दिवशी त्याच डब्यात परत. दुहेरी पायाच्या पावडरी रात्रंदिवस आत राहिल्या तर काही प्लॅस्टिक पिवळं, धुरकट करून टाकतात, पण ते नुकसान लहान. मोठं हे की पंधरा दिवसांनी टेबलाशी परत बसल्यावर हॉपरमध्ये काहीतरी करडं दिसतं, आणि ते कोणत्या डब्यातलं हे आता कुणीच सांगू शकत नाही. अशी दारू, कितीही असली, टाकूनच द्यायची.